फुंकरीचा दिवा

तोंडाने फुंकलेल्या काचेचा दिवा तीन गोष्टींचा बनतो: वाळू, विस्तव आणि माणसाचा श्वास. वाळू आणि विस्तव यांबद्दल कोणाची तक्रार नसते. श्वासाबद्दल मात्र मराठी घरात जरा अडचण आहे, कारण फुंकर आणि दिवा यांचे इथे पिढ्यान्‌पिढ्या पटलेले नाही. फुंकर मारून दिवा घालवू नये, हे मुलाला अक्षरओळखीच्या आधी शिकवले जाते. दिवा विझला असेही म्हणायचे नाही. तो ‘शांत होतो’. (वाढदिवसाच्या केकने हा नियम मोडला. नेमक्या त्या क्षणी आजीला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवते.) अशा घरातल्या माणसाला हॉटेलच्या छतावरून लोंबणारा काचेचा गोळा कोणाच्या तरी फुंकरीतूनच जन्मला असे सांगितले, तर तो आधी किंमत विचारतो आणि ती कळल्यावर स्वतःचा श्वास रोखून धरतो. अलीकडे हा दिवा आणखी पुढे गेला आहे. जवळ जाऊन थांबले, हात लावला, फुंकर मारली की तो प्रतिसाद देतो. या प्रकाराला संवादी कला असे भारदस्त नाव आहे.

काच फुंकण्याची युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर कोणाला तरी सुचली. जेरुसलेमच्या उत्खननात त्या काळच्या, फुगवून पाहिलेल्या काचेच्या नळ्या सापडल्या आहेत. त्याआधी दीड हजार वर्षे माणूस काच ओतत होता, साच्यावर गुंडाळत होता, घासत होता. पण तोंड लावावे हे कोणाला सुचले नव्हते. एकदा सुचल्यावर मात्र रोमन साम्राज्यभर बाटल्या आणि पेले इतके स्वस्त झाले की काच राजवाड्यातून स्वयंपाकघरात आली. पुढे ही विद्या व्हेनिसने आपल्याकडे ओढून घेतली. तिथल्या सरकारने १२९१ मध्ये सगळ्या भट्ट्या शहराबाहेर, मुरानो बेटावर हलवल्या. लाकडी घरांच्या शहराला आग लागू नये, हे त्याचे कारण. बेटावर कारागीर नजरेखाली राहतात, हा फायदाही सरकारच्या ध्यानात आलाच असणार. मुरानोच्या काचकाराला परवानगीशिवाय बेट सोडून परमुलखात धंदा करण्याची बंदी होती. बदल्यात मान मोठा होता: सरदार घराण्यातल्या मुलाने काचकाराच्या मुलीशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांची सरदारकी जात नसे. म्हणजे सोयरीक वरच्या घरात, पण माहेर सुटायची सोय नाही.

कारखान्यातले मुख्य हत्यार फुंकणी. चुलीपुढे बसून फुंकायची, डोळे चुरचुरवणारी ती छोटी नळी मराठी माणसाला ठाऊक आहे. ही तिची पाच फूट उंचीची, पोलादी बहीण. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण भट्टीत वितळून सुमारे ११०० अंश सेल्सिअसवर तयार असते. फुंकणीचे टोक त्यात बुडवून फिरवले की काचेचा गोळा मधासारखा तिच्यावर गुंडाळला जातो. यापुढचे सगळे कसब जिलबीवाल्याला सांगायची गरज नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे पाकाचे टप्पे जसे थर्मामीटरवर नव्हे तर बोटांवर कळतात, तसाच काचकार काचेचा रंग आणि ओघळ बघून ती कधी फुंकायची, कधी कापायची आणि कधी नुसती बघत बसायची हे ठरवतो. फरक एवढाच, की हा पाक बोटांत धरून बघता येत नाही. फुंकणी सतत फिरवत राहावी लागते. कारागिराने क्षणभर थांबून बाहेर काय चालले आहे ते पाहिले, तर गोळा एका बाजूला लोंबतो आणि दिव्याचा पडवळ होतो.

फुंकणे हा भाग लोकांना वाटतो तितका दमछाकीचा नसतो. गाल फुगवून, डोळे वटारून फुंकणारा माणूस हा चित्रपटातला काचकार. खरा काचकार हलकीशी फुंकर मारतो आणि लगेच नळीच्या तोंडावर अंगठा ठेवतो. आत अडकलेली हवा तापून स्वतःच फुगते आणि काचेला फुगवते. एवढ्याशा श्वासावर एवढा मोठा गोळा निघतो, ही काटकसर कोणालाही भावेल अशीच आहे. मग आकार द्यायला येते वर्तमानपत्र. कागद घडी घालघालून जाड केला जातो, पाण्यात चिंब भिजवला जातो आणि तळहातावर ठेवून त्यावर धगधगता गोळा फिरवला जातो. वाफ निघते, कागदाच्या कडा करपतात, पण हात वाचतो. भेळ, रद्दी आणि कपाटातला कप्पा यांपलीकडे वर्तमानपत्राला इतके जबाबदारीचे काम जगात दुसरीकडे कुठेही मिळालेले नाही. गुळगुळीत कागदाची मासिके या कामाला चालत नाहीत. त्यांत लिहिणाऱ्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

घडलेली काच सुमारे ५०० अंशांच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून तासन्‌तास, जाड असेल तर काही दिवस, हळूहळू निववावी लागते. घाई केली तर वरचा पापुद्रा थंड होतो आणि आतला गाभा तापलेलाच राहतो. अशी काच दिसायला ठणठणीत असते आणि काही दिवसांनी, कोणी हातही लावलेला नसताना, मध्यरात्री तडकते. वरून शांत आणि आतून तापलेल्या माणसांचा अनुभव प्रत्येक कुटुंबात असल्यामुळे या तत्त्वाचे अधिक स्पष्टीकरण लागू नये.

दिवा तयार झाला की प्रश्न छताचा येतो. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून घेतला. त्याच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत, आणि ती टांगण्यापूर्वी छत पेलेल की नाही हे पाहायला त्यावर हत्ती चढवले, असे तिथे सांगतात. ही झुंबरे फुंकीव काचेच्या नव्हे, पैलू पाडलेल्या स्फटिक-काचेच्या परंपरेतली, त्यामुळे या लेखात ती पाहुणी आहेत. पण टांगलेल्या काचेखाली उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात जे येते, ते हत्ती चढवून तपासणारे घराणे मराठी होते, याची नोंद करणे भाग आहे. इतरांनी आजवर इलेक्ट्रिशियनच्या ‘काही होत नाही साहेब’ या शब्दावर भागवले आहे.

महाराष्ट्रात काचेचा दिवा वाड्यांत हंड्या-झुंबरांच्या रूपाने होताच, पण घराघरांत तो आला कंदील होऊन. स्वदेशीच्या लाटेत अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याच्या उभारणीला होते. एक पैसा देऊन माणूस एका भट्टीचा धनी होत होता. पुढे ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला, त्या जागेला ओगलेवाडी म्हणू लागले, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांत पोचला. कित्येक घरांत कंदील या वस्तूचेच नाव प्रभाकर होते.

आता, ज्याला कलादालनांत संवादी दिवा म्हणतात, तो हाच. कंदिलाशी माणसाचा संवाद रोज दिवेलागणीच्या आधी सुरू होई आणि त्याला निश्चित विधी होता. आदल्या रात्रीच्या काजळीने काळी झालेली काच काढायची, चुलीतली राख चिमटीत घ्यायची, जुन्या धोतराचा बोळा करायचा आणि काच आतून पुसायची. चिमणीची काच निमुळती. मोठ्यांचा हात आत जात नसे, म्हणून हे काम लहान मुलाकडे. घरातल्या मुलाच्या मनगटाची जाडी काचेच्या तोंडाएवढी झाली की तो मोठा झाला असे समजत आणि काम धाकट्याकडे जाई. मग वात कापायची, सारखी कापायची, नाहीतर ज्योतीला शिंगे फुटतात. रॉकेल भरायचे. किल्ली फिरवून वात वर-खाली करायची: वर केली तर काच काळी, खाली केली तर अभ्यास काळा. आणि तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब जरी पडला, तरी ती ‘टच्च’ असा एकच शब्द बोलून संवाद संपवी. तिच्यानंतर घरातली मोठी माणसे बोलू लागत.

यात दिव्याचे प्रतिसाद देणे होते, प्रेक्षकाचा सहभाग होता, शरीराचा वापर होता आणि परिणाम लगेच दिसत होता. तेव्हा त्याला काम म्हणत. आता त्याला कला म्हणतात आणि तिकीट लागते.

विजेच्या दिव्याने हा संवाद बराच कमी केला. पहिले बल्बही फुंकलेलेच होते. एडिसनच्या प्रयोगशाळेत त्यासाठी खास काचकार ठेवलेला होता. त्या पिढीतला एक बल्ब अजून शाबूत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन दलाकडे १९०१ पासून तो जवळजवळ अखंड लागलेला आहे, तोंडाने फुंकलेला, कार्बनच्या तंतूचा. आज तो सुमारे चार वॅटचा मिणमिणता उजेड देतो, म्हणजे देवघरातल्या निरांजनाशी बरोबरी करतो. पण त्याच्यावर चोवीस तास इंटरनेटचा कॅमेरा रोखलेला आहे आणि जगभरचे लोक तो लागलेला आहे ना, हे बघत असतात. २००१ मध्ये त्याचा शंभरावा वाढदिवस साजरा झाला. केकवरच्या मेणबत्त्या फुंकताना कोणाला काही वाटले का, ते कळायला मार्ग नाही. बल्ब टिकला, दरम्यान कॅमेरे मात्र बदलावे लागले.

काच कारखान्यातून बाहेर पडून कलावंताच्या अंगणात आली ती १९६२ मध्ये. अमेरिकेतल्या टोलिडो शहराच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन यांनी एक छोटी भट्टी उभारली. एकट्या माणसाला, कारखान्याशिवाय, काच फुंकता येते हे त्यांना दाखवायचे होते. पहिले मिश्रण फसले. मग डॉमिनिक लाबिनो या काचतज्ज्ञांच्या सल्ल्याने काचतंतूंच्या उद्योगात वापरल्या जाणाऱ्या काचेच्या गोट्या वितळवल्या आणि काम जमले. आधुनिक काचकलेचा पाया गोट्यांवर रचला गेला, ही माहिती शाळेत गोट्या जप्त झालेल्या कोणालाही समाधान देईल.

लिटलटन यांचे विद्यार्थी डेल चिहुली यांनी ही कला छतावर नेली. लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलात १९९८ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार फुंकीव काचफुलांचे छत लावले. वजन अंदाजे १८ टन. इथे हत्तींची चाचणी झाल्याची नोंद नाही. चिहुलींचा १९७६ मध्ये मोटार अपघातात एक डोळा गेला आणि तीन वर्षांनी समुद्रात खांदा निखळला. तेव्हापासून ते स्वतः फुंकणी धरत नाहीत, चित्रे काढून सहकाऱ्यांकडून काच घडवून घेतात. यावरून त्यांच्यावर टीका करणारे आहेत. पण मुरानोच्या भट्टीवरही एक उस्ताद आणि त्याच्या हाताखाली चारपाच जण हीच पद्धत आहे, आणि लग्नघरात आचारी स्वतः किती लाडू वळतो, हे कोणी मोजत नाही. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या नूताजार्वी इथे चिहुलींनी फुंकलेली काच नदीत फेकून दिली, कशी तरंगते ते पाहायला, आणि गावातली मुले लाकडी होड्यांतून ती गोळा करत फिरली. काठावर जन्मलेल्या कोणालाही हे विसर्जन आणि नारळ गोळा करणारी पोरे यांच्यापेक्षा फार वेगळे वाटणार नाही. त्या होड्यांत साठलेल्या काचेवरून त्यांना काच भरलेल्या होड्यांची पुढची सगळी मालिका सुचली.

यानंतर आले उजेडाचे यंत्र आणि त्याचे डोळे. एलईडीमुळे दिवा फारसा तापेनासा झाला, म्हणून काच चारी बाजूंनी बंद करणे सोपे झाले. संवेदकांमुळे त्याला माणूस दिसू लागला. टोकियोच्या ‘टीमलॅब’ या कलासमूहाने २०१६ मध्ये पॅरिसमध्ये मुरानोच्या काचेच्या दिव्यांचे एक वन मांडले. पुढे ते टोकियोतल्या ओदाइबा इथल्या त्यांच्या संग्रहालयात २०१८ ते २०२२ या काळात होते आणि त्यासमोर रांगा लागत. आरशांच्या खोलीत दिवे टांगलेले असतात. एखाद्या दिव्याजवळ माणूस स्थिर उभा राहिला की तो उजळतो आणि नाद करतो. मग तो उजेड दोन बाजूंच्या जवळच्या दिव्यांकडे जातो, तिथून पुढच्यांकडे, आणि प्रत्येक दिव्यातून एकदाच जाऊन परत पहिल्यापाशी येतो. चाळीत एका दारात सांगितलेली बातमी दोन्ही जिन्यांनी फिरून पुन्हा त्याच दारी येते, तसेच. फक्त वाटेत तिला मीठमसाला लागत नाही. दिवे विस्कळीत टांगलेले वाटतात, पण त्यांच्यातून हात न उचलता एक रेघ काढता यावी अशा बेताने ते गणिताने बसवलेले असतात. पलीकडून वेगळा उजेड आला, तर तिकडे दुसरे कोणी उभे आहे असे समजायचे. वाड्यात हे खाकरण्यावरून कळत असे.

या कलाकृतीची अट एकच आहे: स्थिर उभे राहा. तीच सर्वांत अवघड जाते. ती पाहायला गेलेला माणूस आधी फोन काढतो, मग कोन बदलतो, मग बायकोला ‘थोडी डावीकडे’ सांगतो, मग स्वतः मागे सरकतो. या सगळ्यात दिव्याला स्थिर असे कोणी सापडतच नाही. गंमत अशी, की तशाच जातीचा संवेदक ऑफिसच्या स्वच्छतागृहात बसवला की त्याची अट नेमकी उलटी होते. तिथे स्थिर बसलेल्या माणसावर तो अंधार करतो, आणि प्रतिष्ठित अधिकारी बंद दाराआड दोन्ही हात हवेत ओवाळू लागतात. तंत्र तेच, एका ठिकाणी त्याला कला म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी वीजबचत.

प्रेसिओसा या झेक कंपनीने २०१८ मध्ये मिलानमध्ये ‘ब्रेथ ऑफ लाइट’ नावाची रचना मांडली. त्यात फुंकीव काचेचे बुडबुडे टांगलेले होते आणि पाहणाऱ्याने फुंकर मारली की ते उजळत. काच ज्या श्वासाने झाली त्याच श्वासाने ती लागावी, ही कल्पना इतकी साधी आणि नेमकी आहे की या सगळ्या प्रकारात पहिला नंबर तिलाच द्यावा लागतो. मराठी घराचा जुना नियमही तिने पाळला: फुंकरीने दिवा गेला नाही, आला. अॅमस्टरडॅमच्या ‘स्टुडिओ ड्रिफ्ट’चा ‘फ्लायलाइट’ पक्ष्यांच्या थव्यासारखा वागतो. काचेच्या नळ्या जवळ आलेल्या माणसाला पाहून उजळतात, पण कोणत्या ते आधी सांगता येत नाही. राफेल लोझानो-हेमर यांच्या ‘पल्स रूम’मध्ये दिवा वैद्यबुवांसारखा नाडी बघतो: दांडी धरली की हृदयाच्या ठोक्यांवर बल्ब लुकलुकतो, आणि सोडली की तो ठोका पुढच्या बल्बकडे सरकतो. त्यातले बल्ब कारखान्यातले आहेत, त्यामुळे या लेखापुरते ते चुलत नातेवाईक.

घरासाठी फुंकीव काचेचा दिवा घेणाऱ्याने दुकानातली चिठ्ठी वाचावी. ‘हस्तनिर्मित असल्याने आकार व रंगात फरक संभवतो’ असे तिच्यावर असते. काचेत बुडबुडा असणे, दोन गोळे सारखे नसणे, तळाशी सळईपासून सुटल्याचा ओरखडा असणे हा यंत्रावरच्या मालात दोष ठरतो आणि इथे किंमत ठरते. खरे आणि खोटे यांतला फरकही याच दोषांवरून कळतो: सहाच्या सहा गोळे तंतोतंत सारखे असतील तर ते बहुधा साच्यातले आहेत. भारतात फुंकीव काचेचे मोठे केंद्र बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले फिरोजाबाद. दिव्यांच्या काचा आणि झुंबरे तिथेही होतात. घेतल्यावर महिन्याने धूळ बसते, आणि मग कोणीतरी स्टुलावर चढून, मेन स्विच बंद करून, ओलसर मऊ फडक्याने तो पुसायचा असतो. राख नको, ओरखडे उठतात.

आणि असा प्रतिसाद देणारा दिवा कुठे भेटला, तर त्याच्याजवळ जाऊन थांबावे, मोबाइल खिशात ठेवावा आणि थोडा वेळ द्यावा. लागला नाही, तर माठ घेताना वाजवून बघतात तशी टिचकी मारू नये. काच आहे.